पश्चिम भिंतीचा वाद व कागदाचा पुरावा

जेरुसलेम येथील पश्चिम भिंतीसंबंधीं इ. स. १९३० सालीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय चौकशीमंडळाचा अहवाल जुन्या कागदांचा व्यासंग करणारांनीं अवश्य वाचावा असा आहे. १९२९ च्या ऑगस्टांतील दंग्यांत उभय पक्षांचीं मिळून सुमारें अडीचशें माणसें प्राणांस मुकलीं. या कलहास १९२८ सालीं तोंड लागलें तें एका पडद्यावरून! उपासाच्या मोठ्या दिवशीं यहुद्यांनीं स्त्रीपुरुषांच्या मध्यें भिंतीपुढें तो लावला, व इंग्रज पोलिसांनीं काढला.

पडदा क्षुल्लक खरा. पण यहुद्यांस ती भिंत इ. स. ७० मध्यें रोमनांनीं पाडलेल्या मंदिराच्या आवाराचा अवशेष, तर मुसलमानांस पैगंबरांचा बुराक जेथें बांधला गेला तें स्थान व हरम्-शरीफाची हद्द. आज ठेवलेलें बाक उद्यां वहिवाट व परवां मालकी ठरेल, ही धास्ती त्यामुळेंच होती.

मंडळानें मालकी वक्फाची व प्रार्थनेस येण्याचा हक्क यहुद्यांचा ठरविला. मुसलमान पक्षानें दाखल केलेला १८४० चा इजिप्ती अमलांतील कागद या कामीं विशेष बोलका आहे. यहुद्यांनीं भिंतीपुढें फरसबंदी करूं नये, मात्र पूर्वापार चालीप्रमाणें दर्शनास यावें, असा त्याचा आशय. मनाईनें धन्याचा अधिकार दिसतो. परंतु त्याच कागदानें प्रतिपक्षाची जुनी वहिवाटहि शाबीत होते. आपल्या लाभाचा कागद पुढें करणारानें तो शेवटपर्यंत वाचावा, हें आम्ही वाचकांस निराळें सांगावयास नको.

येथवर मंडळाशीं आमचा मतभेद नाहीं. दोष पुढें आहे. प्राचीन श्रद्धेचा प्रश्न बाजूस सारून मंडळ बाकें, सतरंज्या व पडदे यांचे नियम करीत बसलें, आणि शिंग फुंकण्यासहि त्यानें बंदी सांगितली. पुढें कित्येक वर्षें उपासाच्या अखेरीस कोणी तरुण शिंग फुंकी व पकडला जाई. वहिवाटीचा निवाडा कागदावर होतो. ज्या स्मृतीपायीं माणूस तुरुंगांत जातो तिला तो बांधूं शकत नाहीं.

१९४८ पासून १९६७ पर्यंत, शहराचा तो भाग जॉर्डनकडे असतां, यहुद्यांस तेथें जातां आलें नाहीं. जून १९६७ मध्यें इस्रायलनें तो जिंकला, व लागलीच भिंतीसमोरील मघरिबी मोहल्ला पाडून टाकला. सलाहुद्दीनाचा पुत्र अल्-अफ्दल यानें सुमारें ११९३ त वक्फ केलेली वस्ती ती हीच. मंडळानें जिच्यासाठीं नियम लिहिले ती अरुंद गल्लीहि तिच्याबरोबर गेली.