तलवार आली, कागद रद्दीत

नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनहून आली त्या आठवड्यात मला सहा जणांचे अभिनंदनाचे फोन आले. जणू लिलावात बोली मीच लावली होती. २९ एप्रिल २०२५ ला सदबीजच्या लिलावात राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. वस्तू देखणी आहे. सरळ एकधारी पातं, त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत काढलेलं 'सेनासाहेब सुभा' रघूजींचं नाव. पातं मात्र युरोपी घडणीचं, म्हणून तर त्याला फिरंग म्हणतात. तिकडून विकत आलेलं पातं कधीतरी तिकडेच गेलं आणि पुन्हा विकत आणावं लागलं. एवढ्या एका प्रवासावर चांगलं पुस्तक व्हावं. आनंद मलाही झाला. चीड आली ती त्यानंतरच्या लिखाणाने.

पुरवण्यांतून, व्याख्यानांतून, व्हॉट्सॲपवरून जे वाहिलं त्याचा सूर एकच होता. पेशव्यांचं जसं अटक, तसं आमचं बंगाल. बंगालमध्ये नेमकं काय झालं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरच्या फौजा बंगाल-बिहार-ओरिसात वर्षामागून वर्ष उतरत होत्या. रघूजींच्या भास्करराम कोल्हटकरांना बंगालच्या नवाबाने, अलिवर्दीखानाने, १७४४ मध्ये भेटीला बोलावून मानकरा इथल्या छावणीत दग्याने मारलं, ही गोष्ट आम्हाला ठाऊक असते, कारण तिच्यात आमचा माणूस मरतो. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाखांची चौथाई आणि ओरिसाचा वसूल मिळाला, हेही ठाऊक असतं, कारण त्यात आमचा फायदा आहे. पण आमच्या बारगिराचं तिकडे 'बर्गी' झालं आणि बंगाली आया आजही त्याचं नाव घेऊन पोरांना झोपवतात, हे सांगितलं की सभागृहात चुळबुळ सुरू होते. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्या भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' रचलं. त्याची सुरुवात अशी की पापी लोकांना शासन करायला देवांनीच मराठ्यांना धाडलं. पुढे तोच कवी गाव सोडून पळणाऱ्यांची यादी धंद्याधंद्याने, जातीजातीने देतो, ब्राह्मणांचे आणि बायकांचे हाल सांगतो, आणि देवांचा कौल फिरतो. लुटले गेलेले ते लोक बहुतेक हिंदूच होते. आता हे कोणत्या खणात ठेवायचं ते तलवारीच्या आरत्या करणाऱ्यांनी सांगावं.

ओरिसाचंही तसंच. पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून मराठी अमलात तिथे आला. नागपूरहून पुरीला जाणारी मंडळी त्याला वळसा घालून दर्शनाच्या रांगेत लागतात. लुटीची लाज नको आणि कारभाराची माहितीही नको, अशी ही आमची अभिमानाची तऱ्हा.

माझी तक्रार अभिमानाबद्दल नाही. तो फार स्वस्तात मिळतो आहे, ही तक्रार आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत वाघनखं आमच्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, आली होती. मीही रांगेत होतो. पुढच्या पोराने काचेला नाक लावून विचारलं, "काकाजी, हे ओरिजनल आहे का?" त्याच्या बापाने त्याला टपली मारली. त्या गर्दीतला इतिहासाचा एकमेव प्रश्न त्या पोराने विचारला होता. लंडनच्या ज्या संग्रहालयाने ती वाघनखं दिली, त्यानेही ती शिवाजी महाराजांनी वापरल्याची खात्री दिलेली नाही. शिवाय ती आली ग्रँट डफच्या घराण्यातून. ज्या डफच्या मराठ्यांच्या इतिहासातल्या चुका काढता काढता कीर्तन्यांपासून राजवाड्यांपर्यंत आमच्या पिढ्या कागद जमवायला शिकल्या, त्याच्याच घरची पेटी आता आम्ही डोक्यावर घेतो, आणि कागद विसरतो.

कागदांचा विषय निघालाच आहे. यादव माधव काळ्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ चा. त्याला नव्वद वर्षं झाली, आणि अजून जो उठतो तो त्यातूनच उतरवतो. वा. वि. मिराशींनी ताम्रपट वाचले नसते तर वाकाटक हा आम्हाला शब्दकोड्यातला शब्द राहिला असता. १९६३ चा त्यांचा वाकाटक लेखांचा खंड आजही उघडला की मान आपोआप खाली जाते. पण काळे काय, मिराशी काय, दोघांच्याही पानांत राजा दान देतो, राजा लढतो, राजा मरतो. ज्या गावाचं दान झालं त्या गावातल्या माणसाला कसं वाटलं, हा प्रश्न त्या काळात विचारायचा नसे. ते ठीक. आज तरी विचारायचा की नाही?

नागपूरच्या अठराव्या शतकाबद्दल आमच्या हातात जे छापील आहे तेही पाहा. 'नागपूर अफेअर्स' याच नावाची दोन कामं आहेत. एक इंग्रजी, १९३८ चं, काळ्यांनीच संपादिलेलं, पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातलं. दुसरं त्र्यं. शं. शेजवलकरांचं, दोन खंडांत, १९५४ आणि १९५९ चं, मेणवलीच्या दप्तरातल्या मराठी पत्रांचं. म्हणजे नागपूरच्या दरबारात काय शिजतं आहे ते एक तर इंग्रज आपल्या वरिष्ठांना कळवतो, नाही तर पुण्याचा वकील नाना फडणविसाला. दोघेही बाहेरचे, आणि दोघेही कान देऊन बसलेले. पुण्याला शिव्या घालणं हा आमचा जुना छंद आहे. मात्र पुण्याने ते कागद जपले म्हणून आम्हाला आमचाच दरबार दिसतो, एवढं कबूल करायला हवं.

घरच्या कागदांचं आम्ही काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी महाल भागातला एक वाडा फ्लॅट स्कीमसाठी पाडत होते. माळ्यावरून लाल मांजरपाटात बांधलेले कागदांचे चार रुमाल निघाले. मी पोहोचेपर्यंत दोन कबाडीवाल्याच्या हातगाडीवर गेले होते. तिसरा मी तिथेच सोडून पाहिला. कागद झटकला तर बोरूची शाई सुकवायला टाकलेली काळी वाळू तळहातावर पडली. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची वाळू. मोडी मला अडखळतच येते. जेवढं लागलं त्यात एका कोष्ट्याला रेशीमकाठी धोतरजोड्यांबद्दल द्यायची रक्कम होती, पुढे उधारीची, त्याच्याही पुढे पुन्हा उधारीची. राजाचं नाव कुठेच नव्हतं. घरमालक म्हणाले, "यात काही इतिहास नाही हो, नुसते हिशोब आहेत." चौथा रुमालही गेला.

आता इतिहास सांगणाऱ्या इतरांविषयी. ऐतिहासिक कादंबरीविषयी बोलायचं कारण उरलेलं नाही, तिचा सिनेमा झाला आहे. विद्यापीठातले प्रबंध एकमेकांच्या संदर्भसूचीवर जगतात. हेरिटेज वॉक सकाळचा व्यायाम म्हणून चांगले. आणि झिरो माइलचा खांब हा भारताचा मध्यबिंदू आहे असं शाळेच्या सहलीला सांगणाऱ्या गुरुजींनी एकदा खांबाजवळ जाऊन वाचावं. ती १९०७ ची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याची खूण आहे, १०२०.१७१ फूट. मध्य वगैरे आपण नंतर चिकटवलं.

या शहरात इतिहासाचं खरोखर नवं काम झालं ते वाड्यांत झालं नाही, वस्त्यांत झालं. वसंत मून यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या आंबेडकरपूर्व दलित चळवळीवर लिहिलं, तेव्हा किसन फागूजी बनसोड, कालीचरण नंदागवळी ही नावं मराठी वाचकाच्या कानी पडली. पुढे 'वस्ती'त त्यांनी स्वतःचा महारपुरा मांडला. त्यात आखाडे आहेत, समता सैनिक दल आहे, गिरणीचा भोंगा आहे, रिकामी चूल आहे. आत्मचरित्र म्हणून त्याचं कौतुक झालं. मी ते शहराचा इतिहास म्हणून वाचतो, आणि विसाव्या शतकातल्या नागपूरबद्दल त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मला सांगता येत नाही. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड त्यांनीच संपादिले. कागद जपणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलं होतं.

त्याहून मोठं काम मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचं. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचं पुस्तक १९८९ चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा लेखी पुरावा जवळजवळ नव्हताच, तेव्हा या दोघी घरोघर गेल्या, म्हाताऱ्यांसमोर बसल्या आणि त्यांना बोलतं केलं. ज्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली त्या जाईबाई चौधरी त्यात आहेत. २० जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद आहे. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे, आणि समोर पंचवीस हजारांच्या आसपास बाया. ठराव कशाचे? घटस्फोटाचा हक्क हवा, एकीवर दुसरी करण्याला बंदी हवी, गिरणीतल्या बाईला रजा हवी, पेन्शन हवं. सारा देश 'छोडो भारत'च्या उंबरठ्यावर असताना या बाया रजेचे दिवस मोजत होत्या. माझ्या लेखी त्या वर्षातली ही नागपूरची सर्वांत मोठी राजकीय घटना आहे. शहरात तिचा पुतळा सोडाच, पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

हे काम निर्दोष आहे असं कोण म्हणतो? स्मृती घसरते, तारखा सरकतात, नेत्यापुढे टीका जिभेवर येत नाही. गोंडांच्या बाजूने मोतीरावण कंगालींनी आयुष्यभर शब्द, गाणी आणि दैवतं गोळा केली. ते काम सोन्याचं. सिंधू लिपी गोंडीतून उलगडल्याचा त्यांचा दावा मात्र मला मुळीच पटत नाही. पण या चुका शोधता येतात, कारण कोणी काय सांगितलं ते तिथे लिहिलेलं आहे. तलवारीला उलटतपासणी घेता येत नाही.

आणि उलटतपासणी घ्यायची नसली की काय होतं ते १७ मार्च २०२५ च्या रात्री महालाने पाहिलं. अडीचशे मैलांहून दूर असलेल्या औरंगजेबाच्या कबरीवरून आमच्या गल्ल्यांत दगड उडाले, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली. दोन्ही बाजूंच्या पोरांना औरंगजेब माहीत होता. कोणी सिनेमातून शिकला होता, कोणी त्या सिनेमाच्या रागातून. पण ज्या जमिनीवर उभे राहून ते दगड मारत होते ती कोणी वसवली, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं? देवगडच्या गोंड राजाने. गादीसाठी तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, आणि 'बख्त बुलंद' हे नाव घेऊन परतला. पुढे त्याच बादशहाविरुद्ध त्याने बंड केलं. चिडलेल्या औरंगजेबाने त्याला 'निगूँ बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणायचा हुकूम काढला. आणि त्या बंडखोराने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर उभं केलं. रघूजींनी पुढे राज्य हातात घेतलं तरी नावाचा राजा गोंडच ठेवला.

आता सांगा, हा माणूस कोणाच्या बाजूला उभा करायचा? तो गोंड आहे, मुसलमान आहे, औरंगजेबाचा मांडलिक आहे आणि औरंगजेबाचा शत्रूही आहे. मिरवणुकीत तो कुणाच्याच रथावर बसत नाही, म्हणून त्याच्यावर मराठीत वाचण्याजोगं चरित्र नाही. आम्हाला इतिहासातून वकील हवे असतात, साक्षीदार नकोत. साक्षीदार आपल्याविरुद्धही बोलतो, ही त्याची अडचण.

कोणी म्हणेल, लोकांना एवढं पेलत नाही, त्यांना सोपं काहीतरी द्यावं लागतं. हे मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, आणि म्हणणारा स्वतःला कधी त्या लोकांत धरत नाही. ज्या बायांनी १९४२ मध्ये घटस्फोटाच्या ठरावावर हात वर केले, त्यांतल्या कितीजणींना सही येत होती? त्यांना पेललं. पेलत नाही ते आम्हाला, पुरवण्या भरणाऱ्यांना. तलवारीवर आठशे शब्द एका बैठकीत होतात. एका रुमालातले हिशोब लावायला वर्ष जातं, आणि शेवटी हाती लागतो एक उधारीत बुडालेला कोष्टी. त्याचा सत्कार कोणी ठेवत नाही.

सरकारने तलवारी आणाव्यात, मी पुन्हा रांगेत उभा राहीन. पण जेवढे पैसे तलवारीला दिले तेवढेच मोडी वाचणाऱ्या चार पोरांना पाच वर्षं द्यावेत, आणि टेप घेऊन वस्त्यांत फिरणाऱ्या चौघांना. वाचकांकडेही मागणं आहे. माळ्यावर रुमाल असेल तर कबाडीवाल्याला हाक मारण्याआधी मोडी येणाऱ्याला हाक मारा. आणि इंदोऱ्यात, पाचपावलीत, टेकडीमागच्या गल्ल्यांत जा. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडून दोन दशकं उलटली, तिथे आता मॉल आहे. शेवटच्या पाळीचे कामगार तेवढे अजून खाटेवर बसलेले सापडतील. १९४२ च्या परिषदेला आईचं बोट धरून गेलेली दहा वर्षांची पोरगी आज नव्वदी ओलांडून तीनचार वर्षं झालेली म्हातारी आहे.