तरवड मोजताना

अ‍ॅप दोन सेकंदांत सांगतं: तरवड. आपण पुढे निघतो. चित्र काढणाऱ्याला मात्र थांबावं लागतं.

१८४७ ते १८५० दरम्यान पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत एका चित्रकाराने अलेक्झांडर गिब्सनसाठी झाडं रंगवली. ती चित्रं आज एडिंबराच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांच्या २००२च्या पुस्तकात ती पाहिली आणि सोलापुरात पेन्सिल घेऊन तरवडापुढे बसलो. पुंकेसर दहा, पण सारखे नाहीत: काही लांब, काही अगदी खुरटे. फोटोत हे कधी दिसलंच नव्हतं.

मग बाभूळ काढली, चिंच काढली. फुलं एकमेकांशी जुळेनात. शेंगा काढल्या तेव्हा कळलं. तरवडाची चपटी, बाभळीची मण्यांच्या माळेसारखी, चिंचेची गराने भरलेली. पण तिन्ही शेंगाच. कुळ एकच. हे नातं मला हाताने शिकवलं.

दापोडीच्या चित्रांचं मोल हेच, आणि त्यांची खंतही तिथेच. कोऱ्या कागदावर झाड एकटं उभं आहे. खाली माती नाही. झाडाचं नाव आहे, गिब्सनचं आहे. ज्याने पाकळी न् पाकळी पाहिली, त्याचं कुणी लिहून ठेवलं नाही.