भय आणि करुणा : फ्रँकेन्स्टाइन-चित्रमालेची प्रतवारी

ज्याचें आयुष्य साहित्याच्या अध्यापनांत गेलें त्यानें भुताखेतांच्या बोलपटांची प्रतवारी लावीत बसावें, हें आमच्या कांहीं स्नेह्यांस शोभादायक वाटत नाहीं. त्यांच्या आक्षेपाचा आम्ही आदर करतों. परंतु तो आम्हांस मान्य नाहीं. भरतमुनींनीं भयानक हा रस मानिला आहे, आणि जेथें रस आला तेथें सरस-नीरसाचा विवेकही आलाच. शिवाय एकच कथावस्तु अनेकांच्या हातांतून जातां जातां तिचें काय होतें, हें पाहण्याची संधि अशा चित्रमालेइतकी अन्यत्र क्वचितच मिळते.

आमच्या विचाराचा विषय युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रसंस्थेची फ्रँकेन्स्टाइन-माला हा आहे. मेरी शेली या विदुषीच्या १८१८ सालच्या कादंबरीवरून, मधल्या एका नाट्यरूपांतराच्या द्वारें, १९३१ सालीं पहिला बोलपट निघाला, आणि १९४८ पर्यंत त्या कुळांत एकंदर आठ बोलपट झाले. त्यांची तुलना करावयाची तर कसोटी हवी. ॲरिस्टॉटलनें शोकांतिकेचा विचार करतांना करुणा आणि भीति यांचा जोडीनें उल्लेख केला, तो उगाच नव्हे. ज्याची आपणांस कींव येते त्याचेंच भय मनांत खोल उतरतें. ज्याची कींव येत नाहीं त्याचें भय चित्रगृहांतील दिवे लागतांच ओसरतें. तेव्हां प्रेतांच्या तुकड्यांतून घडविलेल्या त्या अनाम राक्षसाविषयींची करुणा कोठें किती टिकली, हीच आमची कसोटी.

पहिला मान आम्ही १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ला देतों. हा निर्णय आम्हांस सुखासुखीं झालेला नाहीं. अनेक वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांस उलट सांगत आलों कीं, १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हाच श्रेष्ठ होय. कारण कादंबरींतील राक्षस वाचतो, बोलतो, आपल्या निर्मात्याशीं वाद घालतो, आणि त्याला वाचा मिळाली ती या दुसऱ्या चित्रांत. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या मनुष्यास शब्दांचा पक्षपात असावा हें स्वाभाविकच आहे. परंतु अलीकडे दोन्ही बोलपट लागोपाठ पाहिले, तेव्हां आमचें मत आम्हांसच टिकवितां आलें नाहीं.

दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनीं पहिल्या चित्रांत जें साधलें तें मौनानें साधलें आहे. छताचें झांकण उघडतें, प्रकाश आंत येतो, आणि बोरिस कार्लोफचा राक्षस तो प्रकाश धरावयास दोन्ही हात वर करतो. लगेच झांकण लावलें जातें. रिकामे हात मात्र तसेच पुढें राहतात. जॅक पिअर्स यांच्या रंगभूषेची कीर्ति सर्वत्र आहे. पण त्या जड पापण्यांखालून मागणें मागणारे डोळे रंगभूषाकाराचे नव्हेत, ते नटाचे आहेत. चित्राला नामावळीपलीकडे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीं, म्हणून हें मौन अधिकच ऐकूं येतें.

याच चित्रांतील तळ्याकाठचा प्रसंग आमच्या कसोटीचा उत्तम पुरावा आहे. लहान मुलगी राक्षसाबरोबर पाण्यांत फुलें सोडते, तीं तरंगतात. फुलें संपतांच तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीनें तो तिलाच पाण्यांत टाकतो, आणि ती बुडतांच गोंधळून पळतो. परिनिरीक्षकांनीं हा शेवट कापविला. तेव्हां प्रेक्षकांस दिसूं लागलें तें इतकेंच, कीं राक्षसानें मुलीकडे हात पुढें केले. आणि मग बाप तिचें प्रेत घेऊन गांवांत आला. मधल्या जागीं ज्यानें त्यानें आपापल्या मनांतील पाप भरलें. क्रौर्य झांकण्याच्या हेतूनें कात्री चालली आणि झांकली गेली ती निरागसता! हा तुकडा १९८० नंतरच्या दशकांत पुन्हां जोडला गेला, तेव्हां कोठें राक्षसाला न्याय मिळाला.

दुसरें स्थान ‘ब्राइड’चें. आंधळ्या विरक्ताच्या झोंपडींत राक्षस मैत्रीचा शब्द शिकतो आणि शेवटीं त्याच्यासाठीं घडविलेली वधूच त्याला पाहून किंचाळते. हे प्रसंग विसरणें शक्य नाहीं. फ्रान्झ वॅक्समन यांचें संगीतही मोलाचें आहे. परंतु डॉक्टर प्रिटोरियस यांच्या बरण्यांतील चिमुकल्या माणसांसारखी थट्टा मधून मधून येते, आणि दिग्दर्शक आपल्या चातुर्यावर खूष झालेला दिसतो. करुणेला असा साक्षीदार मानवत नाहीं.

तिसरें ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९). राउलंड ली यांच्या या चित्रांत वांकड्या छायांचे भव्य देखावे आहेत, लाकडी हाताचा पोलीस-अधिकारी आहे, आणि फांशीं जाऊनही जिवंत राहिलेला, मोडक्या मानेचा इगोर आहे. बेला लुगोसी यांची ही भूमिका आम्हांस त्यांच्या ड्रॅक्युलाहूनही सरस वाटते. राक्षस येथें पुन्हां मुका आणि पराधीन झाला आहे. तरी इगोर मेलेला पाहून तो जो टाहो फोडतो, त्यांत जुनी कींव जागी होते. मालेंतील राक्षसाची कार्लोफची ही शेवटची भूमिका.

चौथें स्थान आम्ही एका प्रहसनास देतों, याचें वाचकांस नवल वाटेल. ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८) यांत थट्टा होते ती भिणाऱ्यांची. भुतें आपला धर्म गांभीर्यानें पाळतात. लठ्ठ विदूषकाला पाहून राक्षसच दचकतो, या एका विनोदांत त्याच्या मनाची जी दखल आहे, ती पुढील चार गंभीर चित्रांत अभावानेंच आढळते.

पांचवें ‘घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४२). एका लहान मुलीचा मेंदू आपल्या डोक्यांत यावा, ही राक्षसाची इच्छा त्या तळ्याची आठवण करून देते. दुर्दैवानें कथा लगेच मेंदूंच्या अदलाबदलींत गुंतते. सहावें ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ (१९४३). मागील चित्राच्या अखेरीस राक्षस आंधळा झाला होता. येथें त्याचें बोलणें आणि अंधत्वाचे उल्लेख प्रदर्शनापूर्वींच गाळले गेले. त्यामुळें लुगोसींचें हात पुढें करून चांचपडत चालणें निष्कारण ठरलें. जी आंधळ्याची असहायता होती ती राक्षसाची लकब झाली. सातवें ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४४) : यांत कींव येते ती प्रेमांत झुरणाऱ्या कुबड्या डॅनियलची, राक्षस बहुतेक वेळ निजलेलाच आहे. शेवटचें ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’ (१९४५). तेथें तो अखेरीस क्षणभर उठतो, आणि त्याला जाळण्यासाठीं आगही जुन्या चित्रांतून उसनी आणलेली आहे.

कोणी म्हणेल, हीं चित्रें पैशासाठीं निघालीं. त्यांत ऱ्हासाचें नवल काय? परंतु पहिलेंही पैशासाठींच निघालें होतें. ऱ्हासाचें खरें कारण निराळें आहे. एक राक्षस पुरेना म्हणून दोन आणले, दोन पुरेनात म्हणून तीन आणले. पण भयाची बेरीज अशी होत नाहीं. एका दुःखी जीवाकडे पाहणें सोडलें, कीं गर्दी कितीही जमविली तरी भय उरत नाहीं.

वाचकांनीं आमचा क्रम खुशाल फिरवावा. आम्हीं स्वतःच तो एकदां फिरविला आहे. मात्र फिरवितांना त्या प्रकाशाकडे पसरलेल्या हातांकडे पुन्हां एकवार पाहावें, एवढीच विनंति.