वाटेची कड आणि यंत्राचा कोश

चालकावाचून चालणाऱ्या मोटारीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात यंत्राच्या अद्भुततेचे वर्णन फार आणि ज्या साहित्यावर ते यंत्र शिकले त्याचे परीक्षण थोडे, असा प्रकार आढळतो. वस्तुतः केवळ कॅमेऱ्याच्या आधारे वाट काढणारी मोटार एका कोशावर विसंबून असते. समोरील चित्रातील प्रत्येक बिंदूस ती एक नाव देते : हा रस्ता, ही भिंत, हा मनुष्य. मग त्या नावांवरून कोठे जावे व कोठे थांबावे हे ठरविते. ज्याला कोशात नाव नाही ते तिला दिसत नाही असे नव्हे. परंतु ते दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने दिसते. म्हणून कोशाची चिकित्सा हे भाषाभ्यासकाचेही काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे परीक्षणासाठी घेतलेला कोश म्हणजे 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट' हा प्रतिमासंग्रह होय. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील गिरीश वर्मा, सी. व्ही. जवाहर आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला. हैदराबाद, बंगळूर आणि त्यांचा परिसर येथील १८२ प्रवासांतून निवडलेली सुमारे दहा हजार चित्रे त्यात असून ती ३४ वर्गांत बिंदुशः विभागलेली आहेत. कसोटीसाठी मात्र आपण टोकावड्याचा रस्ता घेऊ. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे असा माळशेज घाटाकडे जाणारा हा मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून ओळखला जातो. महामार्ग हे नाव आणि प्रत्यक्ष वाट यांतील अंतर मोजावयास तो सोयीचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. कॅमेऱ्याने मोटार चालविण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयोग जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स यांनी केला. त्यांची गाडी १९८७ साली मोकळ्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने आपणहून धावली. १९९५ साली त्यांच्याच दुसऱ्या मोटारीने म्युनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सपर्यंतचा प्रवास बव्हंशी स्वतःच केला. तत्कालीन संगणकांची शक्ती पाहता हे यश थक्क करणारे खरेच. परंतु त्याचे एक रहस्य रस्त्यात होते. जर्मन महामार्गाची वळणे ज्या गणिती वक्रावर आखतात, तोच वक्र डिकमन्स यांनी यंत्रास आधी सांगून ठेविला होता. अभियंत्याने कागदावर जे लिहिले तेच कॅमेऱ्याने परत वाचले. टोकावड्याकडील वाटांचे असे नाही. वैशाखऱ्यापासून जवळच असलेला नाणेघाट सातवाहनकाळापासून कोकण आणि जुन्नर यांना जोडीत आला आहे. ह्या भागातील वाटा पायांनी पाडल्या, डांबर त्यांवर मागाहून आले.

हैदराबादच्या संशोधकांना हा भेद पूर्ण ठाऊक होता, आणि हेच त्यांच्या कार्याचे मोठेपण. त्यांच्यापुढे २०१६ चा 'सिटीस्केप्स' हा संग्रह होता. त्यात पन्नास शहरांतील, बहुतेक जर्मनीतील, स्वच्छ हवेच्या दिवसाची चित्रे आहेत. तेथे रस्ता रस्त्याच्या जागी आणि पदपथ पदपथाच्या जागी. आपल्याकडे ही विभागणी टिकत नाही हे ओळखून ह्या मंडळींनी रिक्षेला स्वतंत्र वर्ग दिला, जाहिरातफलकास दिला. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे रस्ता नसलेली, तथापि प्रसंगी जेथून वाहन नेता येईल अशा जागेसाठी एक वेगळा वर्ग योजिला. 'रस्ता' आणि 'रस्ता नव्हे' यांच्या मध्ये तिसरे काही असते ही कबुली कोशात नोंदविणे, हे मला सर्व संग्रहातील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम वाटते.

परंतु टोकावड्याच्या वाटेवर हा तिसरा वर्गही अपुरा पडतो. मे महिन्यात डांबराच्या कडेची मुरमाची साइडपट्टी टणक असते, समोरून एस. टी. आली की दुचाकीवाला बिनदिक्कत तीवर उतरतो. आषाढात त्याच पट्टीत चाक रुतते. भाद्रपदात ती गवताने आणि टाकळ्याने झाकून जाते, आणि डांबराचा तुटलेला काठ त्या हिरव्या पडद्याआड कोठे आहे हे रोजच्या माणसालाच ठाऊक असते. जागा एक, रूपे तीन. आणि तिची 'वाहनयोग्यता' रूपावरून नव्हे तर महिन्यावरून ठरते. एका क्षणाच्या चित्रावर बिंदुशः लिहिलेले नाव हे सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप सजीवांविषयीचा आहे. ह्या संग्रहातील वर्गांची रचना उतरंडीची आहे. अगदी वरच्या पातळीवर सात वर्ग, खाली येता येता ते वाढत जातात. २६ वर्गांच्या पातळीवर मनुष्य आणि जनावर हे दोन्ही एकाच वर्गात पडतात. तळाशी ते वेगळे होतात, पण तेथेही सर्व जनावरे मिळून नाव एकच. संपादकांची बाजू मांडावयाची तर असे म्हणता येईल की, दोहोंनाही धडक द्यावयाची नाही, मग भेद कशाला? उत्तर टोकावड्याच्या कोणत्याही टेंपोचालकाकडे आहे. भोंगा वाजला की माणूस बाजूस होतो. म्हैस होत नाही. एक शेळी पलीकडे गेली की मागच्या सगळ्या धावतात. वासरू अलीकडे आणि गाय पलीकडे असेल तर वासरू आडवे येणार हे धरूनच चालावे लागते. येथे नावात पुढचे वर्तन सामावलेले आहे. पौषात म्हशाच्या यात्रेला तालुक्यात बैलांची ये-जा वाढते, तेव्हा 'जनावर' हा एकच शब्द घेऊन गाडी हाकणारा मनुष्य आपण नवशिका म्हणू.

बैलगाडीस ह्या कोशात स्वतंत्र नाव नाही. ती 'इतर वाहने' ह्या शेषवर्गाच्या वाट्याला जाते. भातकापणीनंतर पेंढ्याने शिगोशीग भरलेला टेंपो मागून पाहिला तर त्यात वाहनाचे एकही लक्षण दिसत नाही. चालते गवत दिसते. आणि डोक्यावर आडवी मोळी घेऊन कडेने चालणाऱ्या ठाकर वा कातकरी बाईच्या आकृतीत मोळीचे बिंदू कोणत्या नावाखाली घालावयाचे? मराठी व्याकरणात विभक्ती रूपावरून मानावी की अर्थावरून, हा वाद आपण पुष्कळ घातला आहे. तोच वाद येथे नव्या वेषात उभा आहे. फरक इतकाच, की व्याकरणकाराच्या चुकीने कोणाच्या अंगावर गाडी जात नाही.

ह्या चुकीची किंमत मोजण्याची रीतही सदोष होती. रूढ पद्धतीत कोशातील नाव आणि यंत्राने दिलेले नाव यांचा मेळ किती बिंदूंवर बसतो, ह्याची वर्गवार सरासरी काढतात. दूरवर चालणारा मनुष्य चित्रात मूठभर बिंदूंचा असतो. तो हरवला तरी गुणांत फारसा उणेपणा येत नाही. त्याच संस्थेतून मागाहून आलेल्या 'आयडीडी-एडब्ल्यू' ह्या संग्रहाने हा दोष ओळखून धोकादायक चुकांस अधिक दंड देणारी मोजणी सुचविली, हे नमूद करणे अगत्याचे आहे. पाऊस, धुके, अंधुक प्रकाश व बर्फ यांतील पाच हजार चित्रांच्या जोड्या त्यात आहेत. प्रत्येक जोडीतील एक चित्र डोळ्यास दिसणाऱ्या प्रकाशाचे, दुसरे निकट अवरक्त किरणांचे. श्रावणात माळशेजच्या धुक्यात शिरलेल्या कोणाही प्रवाशास ह्या दुसऱ्या चित्राचे मोल सांगावे लागणार नाही.

हा ऊहापोह दूरच्या भविष्याचा आहे असे समजण्याचे कारण नाही. केंद्रीय मार्गमंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ साली चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन चालकरहित मोटारींस विरोध दर्शविला हे खरे; पण कॅमेऱ्याची दृष्टी चालकाच्या शेजारी येऊन बसली आहेच. नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या 'आय-रस्ते' प्रकल्पात शहराच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवून संभाव्य धडकेची सूचना चालकास देण्याची योजना झाली, आणि त्या सूचनांच्या नोंदींवरून अपघात होण्यापूर्वीच धोक्याच्या जागा हुडकण्याचा मार्ग धरला गेला. ज्या क्रमाने अशी साधने शहरांतून तालुक्यांकडे येतील, त्याच क्रमाने त्यांच्या कोशातील उणिवाही येतील. आणि कडेने चालणाऱ्यांना त्याविषयी कोणी विचारणार नाही.

संग्रहाच्या पुढील आवृत्तीकरिता एवढे सुचवावेसे वाटते : सह्याद्रीच्या पायथ्याचा एकच पट्टा, सरळगाव ते वैशाखरे, वैशाखात, आषाढात आणि कार्तिकात, एकाच वेगाने व शक्यतो दिवेलागणीच्या वेळी चित्रित करावा, आणि त्या चित्रांतील कडेला नावे देताना ज्यांचे पाय त्या कडेवरून रोज जातात, त्यांतील दोघांतिघांना शेजारी बसवावे.