गुरूचे ऋण आणि गुरूचा भूतकाळ

वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी ही विनोबा भाव्यांच्या तपश्चर्येची भूमी. १९३८ साली पवनारला जाईपर्यंत काही वर्षे ते येथे राहिले आणि सूत कातून त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी येथेच केला. पुढे महायुद्ध पेटले, तेव्हा १७ ऑक्टोबर १९४० रोजी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारला युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केले आणि तुरुंगवास पत्करला. युद्धकाळात आपला गुरू कोठे उभा होता, हे जाणण्यासाठी विनोबांच्या शिष्यांना जुनी दप्तरे चाळावी लागली नाहीत. सगळ्याच शिष्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. ब्रायन व्हिक्टोरिया यांचे 'झेन अ‍ॅट वॉर' हे १९९७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक अशाच एका शिष्याच्या शोधाची कथा आहे.

हा विषय वर्ध्याच्या वाचकाला दूरचा वाटू नये. १९३३ साली जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला, आणि गीताई मंदिराशेजारचा विश्वशांती स्तूप आजही त्या नात्याची साक्ष देतो. फुजी गुरुजींचा पंथ झेनहून वेगळा. परंतु जपानी भिक्षू म्हटला की शांतीचा दूत, ही आपली समजूत ज्या आदरातून घडली आहे, त्या आदरालाच हे पुस्तक प्रश्न विचारते.

व्हिक्टोरिया मूळचे अमेरिकन. १९६१ साली मेथडिस्ट मिशनरी म्हणून ते जपानला गेले आणि १९६४ साली सोतो झेन पंथात त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत ते उतरले, तेव्हा १९७० साली वरिष्ठांनी त्यांना बोलावून समज दिली, की भिक्षूने राजकारणात पडू नये. मग जपान स्वतः युद्धात होता, तेव्हा आपल्या गुरुपरंपरेने राजकारण वर्ज्य मानले होते काय? या एका प्रश्नापायी त्यांनी सुमारे पाव शतक जुनी प्रवचने, पंथांची नियतकालिके आणि पुस्तके धुंडाळली.

पुस्तकाची खरी शक्ती येथे आहे. व्हिक्टोरिया आरोप कमी करतात आणि आचार्यांनाच बोलू देतात. अहंकाराचा लय व्हावा, ही झेनची मूळ शिकवण. त्या लयाचे रूपांतर सम्राटाच्या चरणी आंधळ्या समर्पणात कसे झाले, 'मी' नाही म्हणजे मारणाराही नाही आणि मरणाराही नाही, या तर्काने सैनिकाचा विवेक कसा निजवला गेला, हे वाचताना मन सुन्न होते. धर्मातील सर्वांत उदात्त तत्त्वच येथे हिंसेच्या सेवेला जुंपले गेले.

याच्या उलट बाजूला उचियामा गुदो हे भिक्षू आहेत. कुळांची बाजू घेणाऱ्या या गरीब भिक्षूला राजद्रोहाच्या खटल्यात २४ जानेवारी १९११ रोजी फाशी झाली. पंथाने तत्पूर्वीच त्यांचे भिक्षुपद काढून घेतले होते. ते पद १९९३ साली पुन्हा बहाल करण्यात आले.

कॅथलिक वाचकाने थांबावे, असे स्थळ म्हणजे हारादा दाइउन आणि त्यांचे शिष्य यासुतानी हाकुउन यांचा वृत्तांत. व्हिक्टोरिया यांनी २००३ साली 'झेन वॉर स्टोरीज' या दुसऱ्या पुस्तकात यासुतानींचा अधिक विस्ताराने समाचार घेतला. पाश्चात्त्य साधकांना वंद्य असलेल्या या गुरूने १९४३ सालच्या आपल्या ग्रंथात युद्धाचा पुरस्कार आणि ज्यू लोकांचा द्वेष केला होता. आता दुसरे चित्र पाहावे. येशूसंघीय धर्मगुरू ह्यूगो लासाल ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात होते आणि अणुबाँबने जखमी झाले होते. हेच लासाल पुढे हारादांकडे झेन साधना शिकले. ख्रिस्ती ध्यानसाधनेत झेनचा जो प्रवाह आला, तो बऱ्याच अंशी याच परंपरेतून. तो प्रवाह तमिळनाडूतील येशूसंघीयांच्या बोधी झेंडोपर्यंत पोहोचला आहे.

पुस्तकात उणिवा आहेत. डी. टी. सुझुकी यांच्यावरील प्रकरण वादग्रस्त ठरले. संदर्भ तोडून वाक्ये उचलली, असा सविस्तर आक्षेप केम्म्यो ताइरा सातो यांनी २००८ साली घेतला, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. आम्हांला जाणवणारी मोठी उणीव निराळी आहे. यासुतानींच्या सहवासात ज्यांना खरोखर शांती लाभली, त्यांनी त्या अनुभवाचे आता काय करावे? वकिलाच्या आवेशात लेखक या प्रश्नाला पुरेसा वेळ देत नाहीत. आमच्या मते, मिळालेले दान खोटे ठरत नाही. मात्र ते देणारा हात निष्कलंक होता, असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावतो.

तरीही या शोधाने फळ दिले. यासुतानींच्या पंथाच्या प्रमुखांनी आपल्या संस्थापकाच्या शब्दांबद्दल जाहीर क्षमा मागितली. रिंझाई झेनच्या म्योशिंजी शाखेने २००१ साली युद्धातील सहभागाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणून या भिक्षूला गुरुद्रोही म्हणणे आम्हांला मान्य नाही. ज्याला परंपरा आपली वाटत नाही, तो तिच्या पापाचा शोध घेण्यात आयुष्य घालवीत नाही.

आपण ख्रिस्ती लोकांनी हे पुस्तक परक्याचे दोष म्हणून वाचू नये. आज्ञापालनाचे व्रत आपल्याकडेही आहे. हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार देणाऱ्या फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याला त्याच्या बिशपांचाही पाठिंबा मिळाला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या महोत्सवी वर्षात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. जर्मन बिशपांनी आपल्या पूर्वसुरींच्या युद्धकालीन वर्तनाची कबुली दिली, ती मात्र २०२० साली.

सत्य सांगण्याचा धडा आपल्याला झेन मठातून घ्यावा लागू नये. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभारली, त्या पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, हे शुभवर्तमानकारांनी लपविले नाही. दर शुभ शुक्रवारी भर मंदिरात आपण ते ऐकतो, आणि पेत्रावरची आपली भक्ती त्यामुळे उणावत नाही. मात्र आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका आणि दिवंगत धर्मगुरूंचे गौरवग्रंथ उघडावेत, तर तेथे प्रत्येक जण जन्मतःच संत असतो. अशा ग्रंथांत आपले गुरू मोठे होत नाहीत, केवळ अनोळखी होतात. पुढील स्मरणिकेसाठी लेखणी उचलण्यापूर्वी आपल्या लेखकांनी हे पुस्तक एकदा वाचावे, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.