कोडे सुटले म्हणून देव सुटतो का?

टोपलीभर चिकू आहेत. टोपली आणि चिकू मिळून किंमत 110 रुपये. चिकू टोपलीपेक्षा 100 रुपयांनी महाग. तर टोपलीची किंमत किती?

डहाणूतल्या मसोलीच्या एखाद्या आठवीच्या वर्गात हे कोडे घालून पाहावे. चिकू तिथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले, आकडेही लहान. तरी पहिले उत्तर बहुधा '10 रुपये' असेच येईल. पण टोपली 10 रुपयांची धरली तर चिकू 110 चे होतात आणि बेरीज जाते 120 वर. बरोबर उत्तर 5 रुपये.

मूळ कोडे बॅट आणि चेंडूचे. शेन फ्रेडरिक या अमेरिकन संशोधकाने 2005 साली अशा तीन कोड्यांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिन्हींमध्ये एक चुकीचे उत्तर आपणहून तोंडात येते. ते मागे सारून जो हिशेब पडताळतो त्यालाच खरे उत्तर सापडते. एमआयटीसारख्या नामांकित संस्थेतल्या विद्यार्थ्यांपैकीही निम्म्याहून कमी जणांना तिन्ही सुटली. तेव्हा '10' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचे कारण नाही.

इथवर सारे ठीक. 2012 साली मात्र या कोड्यांच्या गळ्यात वेगळेच काम पडले. हार्वर्ड विद्यापीठातील शेनहाव, रँड आणि ग्रीन यांनी 882 अमेरिकन प्रौढांना ही कोडी घातली आणि त्यांच्या ईश्वरश्रद्धेविषयी विचारले. झटपट चुकीची उत्तरे देणाऱ्यांची श्रद्धा सरासरीने अधिक निघाली. त्याच वर्षी कॅनडातील जर्वाइस आणि नोरेंझायन यांचा निबंध 'सायन्स' साप्ताहिकात आला. त्यांच्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना रोदँच्या 'विचारवंत' या शिल्पाचे चित्र दाखवले, काहींना थाळी फेकणाऱ्या खेळाडूच्या शिल्पाचे. 'विचारवंत' पाहिलेल्यांनी देवावरचा विश्वास कमी नोंदवला. 'विचार करा, श्रद्धा ओसरेल' असे सुटसुटीत सूत्र यातून तयार झाले. आपल्याकडेही ते ऐकू येते. विज्ञान शिकवणाऱ्याला ते सुखावते, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

शिल्पाच्या प्रयोगात होते अवघे 57 विद्यार्थी. एक चित्र पाहून माणसाची श्रद्धा हलते, हे मुळातच पचायला जड. 2018 मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मधले 21 सामाजिक प्रयोग मोठ्या नमुन्यांवर पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा हा प्रयोग टिकला नाही. आपल्या जुन्या प्रयोगातली उणीव स्वतः जर्वाइस यांनी मोकळेपणाने मान्य केली. आमच्या मते वर्गात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, शिल्पाची नव्हे.

शिल्प गेले, पण कोड्यांचा सहसंबंध उरतोच. 2016 साली पेनिकुक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची, म्हणजे 15,000 हून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र केली. सहसंबंध गुणांक निघाला उणे 0.18. तो शून्य नाही, हे प्रामाणिकपणे मानावे. पण त्याचा वर्ग करून पाहा : 0.0324. माणसामाणसांतील श्रद्धेच्या फरकापैकी जेमतेम 3 टक्के फरकाचा कोड्यांतील गुणांशी मेळ बसतो. उरलेल्या 97 टक्क्यांबद्दल कोडी काहीच बोलत नाहीत. शिवाय हा मेळ आहे, कारण नव्हे.

पुढे 2018 मध्ये जर्वाइस आणि सहकाऱ्यांनी 13 देशांतील 3,461 लोकांची माहिती तपासली. त्यात भारतही होता. सर्व देश एकत्र घेतले की संबंध दिसतो, सुटे घेतले की थोड्याच देशांत ठामपणे दिसतो. म्हणजे हा मनुष्यस्वभावाचा नियम नव्हे. कोणत्या समाजात विचारता यावर उत्तर ठरते.

याचे आम्हाला नवल वाटत नाही. 'देवावर किती विश्वास आहे, आकड्यात सांगा' हा प्रश्न एका विशिष्ट धर्मपरंपरेत अर्थपूर्ण असेल. वारली कुटुंबात वाघदेव, हिरवा, कणसरी यांचे स्थान मताच्या आकड्यात कसे बसवायचे? तिथे श्रद्धा म्हणजे पेरणी, कापणी, लग्न यांत काय करायचे ते. चैत्री पौर्णिमेला आईबापांबरोबर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारे मूल देव सिद्ध करायला जात नाही. सगळे जातात म्हणून तेही जाते. जर्वाइस यांच्याच 2021 मधील अमेरिकन पाहणीत अश्रद्धेशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते लहानपणी श्रद्धेचे आचरण डोळ्यांसमोर न दिसण्याशी. कोडी त्यामानाने मागे पडली.

चाचणीत दुसरीही गोम आहे. 'महाग' आणि '100 रुपयांनी महाग' यांतला फरक भाषेचा आहे. ज्या मुलाच्या घरी वारली बोली आणि शाळेत प्रमाण मराठी, त्याचे उत्तर चुकले तर त्याने विचार केला नाही, की वाक्यच निसटले? अंकगणित कच्चे असलेलाही इथे 'उतावळा' ठरतो. आदिवासी तालुक्यात अशी चाचणी घेऊन 'ही मुले श्रद्धाळू म्हणून विचारात मागे' असा शेरा कोणी मारला, तर तो विज्ञानाच्या नावाने केलेला अन्यायच होईल.

कोड्यांचा विषय निघाला की डहाणूला एक नाव आठवायलाच हवे. 6174 या अंकाची गंमत शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणूचा. वडिलांना फलज्योतिषाची ओढ; त्या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली असे सांगतात. 1927 साली कापरेकरांना गणिताचे पारितोषिक मिळाले ते रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे, आणि परांजपे तर कट्टर बुद्धिवादी. तिकडे रामानुजन आपली सूत्रे नामगिरी देवीची कृपा मानत. परांजपे आणि रामानुजन दोघेही केंब्रिजला शिकलेले. अशा दोन-तीन नावांनी सहसंबंध खोटा ठरत नाही, हे खरे. उलट बाजूच्या दोन-तीन नावांनी तो सिद्धही होत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तर कमळांची एक रास शिव, विष्णू, सूर्य आणि देवी यांना अनुक्रमे एक-तृतीयांश, एक-पंचमांश, एक-षष्ठांश आणि एक-चतुर्थांश वाहिली जाते, उरलेली 6 गुरूला. मुलांनी एकूण कमळे काढावीत.

मग थांबून विचार करण्याच्या सवयीचा उपयोग कुठे? जिथे मोजता येते तिथे. साप चावला, भगताकडे नेले, माणूस वाचला. म्हणून भगताने वाचवले, हे उत्तर '10 रुपयां'सारखेच चटकन येते. पण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. म्हणजे काहीही न करता वाचणारे पुष्कळ. घोणस किंवा मण्यार चावलेल्याला मात्र प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन वेळेत मिळायला हवे. वर्गात फळ्यावर चार रकाने पाडावेत : भगताकडे गेले आणि वाचले, गेले आणि दगावले, न जाता वाचले, न जाता दगावले. गावात ऐकू येणाऱ्या गोष्टी बहुतेक पहिल्या रकान्यातल्या असतात. बाकीचे तीन रकाने रिकामे का राहिले, हे मुलांनाच विचारावे. या तासाला देवाचा विषय काढण्याची गरज पडत नाही.