फिर्यादी प्रेक्षक

दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवरील ज्या मालिकाप्रकाराला आज जगभर ‘के-ड्रामा’ असे आटोपशीर नाव पडले आहे, त्याचे बाह्यस्वरूप अगदी साधे आहे: बहुधा सोळा भाग, प्रत्येक भाग तास-सव्वा तासाचा, आठवड्यातून लागोपाठच्या दोन रात्री प्रक्षेपण, आणि दोन महिन्यांत कथेचा निकाल. सोळाही भाग बहुधा एकाच लेखणीतून उतरतात आणि ती लेखणी पुष्कळदा स्त्रीच्या हाती असते, हेही आता सर्वश्रुत आहे. परंतु या कलेची जडणघडण समजून घ्यावयाची असेल, तर प्रक्षेपणाच्या दोन रात्रींपेक्षा मधल्या पाच रात्रींकडे अधिक लक्ष पुरवावे लागेल. कारण त्या पाच रात्रींत कोरियन प्रेक्षक नायकाचे जाबजबाब घेतो, लेखिकेच्या हेतूंची झडती घेतो, वेशभूषेपासून ऐतिहासिक सत्यापर्यंत प्रत्येक बाबीवर हरकत नोंदवितो, आणि मूळ दस्तऐवजावर आपलीही सही असल्याच्या अधिकाराने कथेच्या पुढील वाटचालीविषयी आग्रह धरतो. कित्येक वर्षे ही सही केवळ अलंकारिक नव्हती. संहितेचे कागद ऐन चित्रीकरणाच्या दिवशी हातात पडावेत, रात्री जागून दृश्ये टिपावीत, आणि संकलन संपते न संपते तोच भाग प्रक्षेपित व्हावा, अशा तगाद्यावर चालणाऱ्या निर्मितीत एका आठवड्याची नाराजी पुढच्या आठवड्याच्या संहितेत उमटणे सहज शक्य होते, आणि ती तशी उमटतही असे.

या प्रेक्षकाची पहिली मोठी हजेरी १९९५ सालची. लेखिका सोंग जी-ना आणि दिग्दर्शक किम जोंग-हाक यांची ‘वाळूचे घड्याळ’ ही २४ भागांची मालिका एसबीएस या तेव्हा नवख्या असलेल्या वाहिनीने आठवड्यातून चार रात्री दाखविली, तेव्हा लोक कामधाम आवरून इतक्या लगबगीने घरी परतू लागले की, तिला ‘घरी परतण्याचे घड्याळ’ असे दुसरेच नाव पडले. आणि तिच्या प्रेक्षकसंख्येने ६० टक्क्यांची मर्यादा ओलांडली. या लोकप्रियतेत प्रणयाचा व मारामारीचा वाटा होताच. परंतु १९८० साली ग्वांगजू येथील नागरिकांवर लष्कराने केलेला अत्याचार, ज्याचा मोकळेपणी उच्चार करण्याची मुभा लष्करी राजवटीत नव्हती, तो या मालिकेने घराघरांत आणून दाखविला, आणि त्यामुळे जेवणाच्या पाटावर जो वाद सुरू झाला तो पात्रांपुरता न राहता राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचला. त्यानंतर तीनच वर्षांनी नो ही-क्योंग यांच्या ‘खोटं’ या मालिकेने याच्या अगदी उलट उदाहरण घालून दिले. पाहणारे थोडे, परंतु जे होते ते एकेका संवादाचा अर्थ लावीत बसणारे. आणि २००३ च्या ‘दामो’ या ऐतिहासिक मालिकेच्या भक्तांनी तर स्वतःला ‘निकामी झालेली माणसे’ म्हणवून घेण्यातच भूषण मानले. संख्येचा प्रेक्षक आणि निष्ठेचा प्रेक्षक असे दोन पक्ष तेव्हापासून पडले ते आजतागायत.

वादांचे विषय मात्र सर्वकाळ तितके उंच राहिले नाहीत, हे कबूल केलेच पाहिजे. २००४ मध्ये किम उन-सुक यांच्या ‘लव्हर्स इन पॅरिस’ची अखेर होताना आजवर पाहिलेली कथा ही वस्तुतः लिहिली जात असलेली एक संहिता होती, असा खुलासा झाला, तेव्हा आपली फसवणूक झाली म्हणून प्रेक्षकांनी जो आक्रोश मांडला, त्याला निदान कथारचनेच्या प्रश्नाचा आधार होता. ‘रिप्लाय १९८८’ची गोष्ट निराळी. सोलमधल्या सांगमुन-दोंग या वस्तीतील एका बोळातली पाच घरे, तळघरात राहणाऱ्या कुटुंबाची ओढाताण, एका दाराने बाहेर गेलेली भाजीची वाटी दुसऱ्या दाराने निराळा पदार्थ घेऊन परतते तो व्यवहार, मुलांसमोर कधीही न रडलेला बाप एका मृत्यूनंतर रडतो तो प्रसंग, असे कितीतरी मौल्यवान द्रव्य लेखिका ली ऊ-जोंग व दिग्दर्शक शिन वोन-हो यांनी २० भागांत साठविले होते. आणि तरीही २०१५-१६ च्या त्या हिवाळ्यात कोरियन प्रेक्षक दोन छावण्यांत विभागला गेला तो नायिकेचा भावी नवरा जोंग-ह्वान की ‘बादुक’ खेळणारा थेक, या एकाच प्रश्नावर. हा दोष प्रेक्षकांचा एकट्याचा म्हणता येणार नाही. नवऱ्याची ओळख शेवटपर्यंत दडवून ठेवण्याचे आमिष मांडले कर्त्यांनीच. परंतु कोड्याची चटक लागली की कथेतला प्रत्येक तपशील पुरावा होऊन बसतो आणि तपशील म्हणून त्याला उरलेले स्वारस्य नाहीसे होते.

याहून अधिक अपायकारक अशी एक कसोटी गेल्या दशकात रूढ झाली आहे. कथेत अन्यायाचे निवारण लांबले, की कोरियन प्रेक्षक घशात रताळे अडकल्याची तक्रार करतो, आणि दुष्टाला तत्काळ शासन झाले, की थंडगार ‘साइदा’ प्याल्याचे समाधान व्यक्त करतो. ही परिभाषा मोठी गमतीची आहे, परंतु तिच्या आहारी गेलेल्या लेखकांची दशा गमतीची नाही. कारण करुण रसाला जो विलंब लागतो, जी मनातल्या मनात कोंडून राहण्याची मुदत लागते, तीच या कसोटीवर गुन्हा ठरते. इम सोंग-हान यांच्या २०१३ च्या ‘प्रिन्सेस ऑरोरा’ मालिकेत पात्रांमागून पात्रे, एवढेच काय पण घरातला कुत्राही, इहलोक सोडून जाऊ लागला आणि मालिकेची मुदत वाढू नये म्हणून प्रेक्षकांनीच अर्जफाटे केले, तेव्हा त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परंतु भडक रंजनाची ही भूक प्रेक्षकांनीच पोसली होती, हे अर्जात नमूद नव्हते.

या सर्व वादांत कलादृष्ट्या सर्वांत फलदायी ठरलेला, आणि म्हणून सविस्तर पाहण्याजोगा वाद म्हणजे पार्क हे-यंग लिखित व किम वोन-सोक दिग्दर्शित ‘माय मिस्टर’विषयीचा. २०१८ च्या मार्चमध्ये टीव्हीएन वाहिनीवर ती सुरू झाली तेव्हा काळ तिला अनुकूल नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर एका महिला सरकारी वकिलाने वरिष्ठाविरुद्ध उघडपणे केलेल्या तक्रारीने कोरियात ‘मी टू’ची लाट उसळली होती, रंगभूमी, चित्रपट, राजकारण अशा सर्वच क्षेत्रांतील प्रतिष्ठित पुरुषांची कैफियत मागितली जात होती, आणि नेमक्या त्याच वेळी पंचेचाळीस वर्षांचा, संसारात व नोकरीत खचलेला अभियंता दोंग-हून आणि त्याच्या कचेरीत हंगामी काम करणारी, कर्जात बुडालेली एकवीस वर्षांची जी-आन यांच्या परस्परांविषयीच्या ओढीची कथा, तीही प्रौढ पुरुषाला उद्देशून असलेले संबोधन शिरोभागी मिरवीत, पडद्यावर आली. पहिल्याच भागात एक सावकारी गुंड जी-आनला अमानुष मारहाण करतो, त्या दृश्यावर हरकत आली. नायक-नायिकांच्या वयांतील अंतरावर हरकत आली. जी-आन दोंग-हूनच्या दूरध्वनीवर चोरून कान ठेवते, त्या गुन्ह्याला कथा सहानुभूती देते म्हणून आली. आणि मध्यमवयीन पुरुषांच्या आत्मकरुणेला ही मालिका खतपाणी घालते, असाही आक्षेप निघाला. समर्थकांचे उत्तर एकच होते: शेवटपर्यंत पाहा, यात प्रणय नाही.

हे उत्तर मला फार दुबळे वाटते. जी-आनच्या मनात काय आहे हे ती स्वतःच सांगून टाकते; तेव्हा प्रणयाचा पुरावा नाही एवढ्यावर आरोपीची सुटका मागणाऱ्या वकिलाप्रमाणे हे समर्थन कृतीच्या गाभ्यापाशी पोहोचतच नाही. या मालिकेचे खरे समर्थन तिच्या रचनेत आहे, आणि गंमत अशी की, ज्या चोरून ऐकण्यावर एवढा गदारोळ झाला त्याच युक्तीत ते आहे. कंपनीच्या तरुण संचालकाला दोंग-हून नोकरीतून दूर व्हावयास हवा असतो, कारण दोंग-हूनच्या पत्नीशी त्याचे संबंध आहेत; आणि दोष शोधण्याच्या मोबदल्यात पैसे घेऊन जी-आन ऐकू लागते. तिला ऐकू येते ते काय? पायांचा आवाज, जिना चढताना लागलेला श्वास, भावांबरोबर दारू पिताना केलेला विनोद, आणि एकटा असताना टाकलेला सुस्कारा. दृष्टीच्या कलेने श्रवणाला दिलेले एवढे मानाचे स्थान दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळते. कानात यंत्र घालून गाडीत उभी असलेली ती मुलगी आणि आपण, असे दोघेही एकाच अपराधात सामील होतो, आणि सोळा भागांच्या ओघात आपली पाळत नकळत आस्थेत पालटते. माणसाला न्याहाळणे आणि माणसाचे ऐकून घेणे या दोन क्रिया किती भिन्न आहेत, हे त्या पालटाइतके स्पष्ट कोणत्याही भाषणाने झाले नसते. दोंग-हूनचा व्यवसाय इमारतींची बळकटी तपासण्याचा आहे, आणि बाहेरून पडणाऱ्या भारापेक्षा आतली ताकद सरस असली पाहिजे हा त्याचा व्यावसायिक नियम तो माणसांनाही लावतो. दुसऱ्या एखाद्या मालिकेत हे रूपक ओढूनताणून आणलेले वाटले असते, येथे ते त्याच्या रोजच्या कामातून येते म्हणून पटते. पात्रांमध्ये मायेने बोलण्याइतकीच मायेने न बोलण्याची सोय ठेवणारी ही लेखणी आहे. दिवंगत ली सन-क्यून यांचा खर्जातला, थकलेला आवाज नसता तर मात्र हा सारा डोलारा उभा राहिला असता की नाही, याची मला शंका आहे.

वैगुण्ये आहेत, परंतु ती गाजलेल्या हरकतींहून वेगळी आहेत. दोंग-हूनची पत्नी युन-ही स्वतः वकील असून तिच्या बाजूने वकीलपत्र घ्यायला लेखिकेने कोणालाच उभे केलेले नाही. नवरा आई, भाऊ आणि जुनी वस्ती यांना वाटून गेल्यावर आपल्या वाट्याला काय उरले, हे तिचे म्हणणे एक-दोन प्रसंगांत रुजू होते आणि पुढे तिला पश्चात्तापाखेरीज दुसरे काम राहत नाही. ज्या मालिकेने सर्वांचे ऐकून घेतले, तिने हिचेच नेमके ऐकू नये, ही मला तिच्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. कंपनीतील पदाच्या निवडणुकीचे कारस्थान यांत्रिक आहे, आणि हुग्ये-दोंग ही कल्पित वस्ती तर अपयशी पुरुषांचे नंदनवनच आहे. तथापि जी-आनच्या आजीच्या अंत्यविधीला तीच वस्ती ज्या रीतीने गोळा होते, ते पाहताना हा आक्षेप हातातून गळून पडतो. मालिका चार टक्क्यांच्या आतील प्रेक्षकसंख्येने सुरू झाली, सात टक्क्यांच्या वर संपली, आणि २०१९ च्या बेकसांग पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट मालिका व सर्वोत्कृष्ट संहिता हे दोन्ही मान तिला मिळाले. विरोधकांनी म्हणून आपली फिर्याद मागे घेतली असे नाही, आणि ती त्यांनी घ्यावी असेही नाही. सुरुवातीच्या त्या मारहाणीचे आजही समर्थन होऊ शकत नाही.

येथवर प्रेक्षक फिर्यादी होता. २०२१ च्या मार्चमध्ये तो न्यायासनावर चढला. ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ या एसबीएसच्या मालिकेत जोसन राजघराण्यातील ऐतिहासिक पुरुषांचे विकृत चित्रण झाले आणि मेजवानीच्या दृश्यात चिनी पदार्थ मांडले गेले, या कारणास्तव अर्जांचा पाऊस पडला, जाहिरातदारांनी अंग काढून घेतले, आणि बहुतांश चित्रीकरण पुरे झालेली ही मालिका केवळ दोन भागांनंतर कायमची बंद झाली. कृती चांगली होती असे सुचविण्याचा माझा उद्देश नाही. परंतु दोन भागांवरून सबंध मालिकेचा निकाल लावण्याचा पायंडा त्या आठवड्यात पडला. त्याच वर्षअखेर जेटीबीसीच्या ‘स्नोड्रॉप’वर, १९८७ च्या लोकशाही चळवळीच्या काळात एका उत्तर कोरियन हेराला विद्यार्थी कार्यकर्ता समजून आश्रय दिला जातो या कथाबीजामुळे, तसेच वादळ उठले, येथे मात्र प्रकरण न्यायालयापुढे गेले, मनाईहुकमाचा अर्ज फेटाळला गेला, आणि वाहिनीने पुढील भाग ठरल्यापेक्षा आधी दाखवून गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला. खऱ्या चळवळकर्त्यांवर एकेकाळी हेरगिरीचे खोटे आरोप लादून त्यांचा छळ झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संतापाचे मूळ कळते. संतापाला कारण होते. परंतु समीक्षेला जी शेवटपर्यंत थांबण्याची तयारी लागते ती त्यात नव्हती.

दरम्यान निर्मितीची पद्धतच पालटली. २०१६ ची ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ चीनमध्ये एकाच वेळी दाखविता यावी म्हणून आधीच पुरी करून ठेवण्यात आली होती. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने कोरियात पाऊल टाकले. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांच्या कामाच्या मर्यादेचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला, आणि रात्रंदिवस राबणाऱ्या तंत्रज्ञांच्या दृष्टीने हा बदल उशिराच झाला असे म्हटले पाहिजे. कलेला त्यामुळे घोटीवपणा आला. ‘स्क्विड गेम’चे नऊही भाग २०२१ च्या सप्टेंबरात एकाच दिवशी जगापुढे आले, आणि मधल्या पाच रात्री उरल्याच नाहीत. आपल्याकडचा मराठी प्रेक्षक, जो टाळेबंदीच्या काळात या मालिकांकडे मोठ्या संख्येने वळला, त्याने बहुतेक के-ड्रामे असेच दोन-तीन रात्रींत सलग पाहिले आहेत. प्रतीक्षेचा आठवडा त्याच्या अनुभवात नाही, म्हणून ज्या संथ भागाविषयी मूळ प्रेक्षक सात दिवस भांडला तो भाग त्याला केवळ पुढे पळविण्याजोगा वाटतो.

या पार्श्वभूमीवर २०२५ ची ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ चार-चार भागांच्या हप्त्यांनी चार आठवडे प्रकाशित करण्यात आली, ही घटना मला सूचक वाटते. दिग्दर्शक पुन्हा किम वोन-सोक, लेखिका इम सांग-चुन; जेजू बेटावर समुद्रात बुड्या मारून पोट भरणाऱ्या बाईची कवी होऊ पाहणारी मुलगी ए-सुन, आणि तिचा जन्माचा सोबती ग्वान-सिक. हप्त्यांच्या मधल्या आठवड्यांत पूर्वीसारखाच वाद रंगला: इतका आदर्श नवरा कोणी पाहिला आहे काय, आणि प्रेक्षकाला इतके रडविणे न्याय्य आहे काय. पहिल्या प्रश्नावर मी ग्वान-सिकच्या बाजूचा आहे. ए-सुनच्या सासरी बायका वेगळ्या, लहान टेबलाशी बसून जेवत असताना हा मुलगा वडीलधाऱ्यांकडे पाठ करून बायकोच्या पंगतीकडे वळतो, आणि त्या एका वळण्याची किंमत त्याला आपल्याच घरात मोजावी लागणार आहे हे आपल्याला दिसते. जेथे किंमत दिसते तेथे चांगुलपणा खरा वाटतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र फिर्यादींची बाजू बळकट आहे. वादळात मूल गमावण्याचा प्रसंग संयमाने रेखाटणाऱ्या लेखिकेने अखेरच्या चार भागांत आजारपणापासून आठवणींपर्यंत एकही देणे बाकी न ठेवता अश्रूंची अशी सक्तीने वसुली केली आहे की, जे आधीच दिले गेले होते त्याचीही पावती पुन्हा मागितली जाते.